सातव्या महिन्यातले ताट : गर्भारपणातील मधुमेहाचा इतिहास, भिलाईहून पाहताना

भिलाईच्या कारखाना वसाहतीत मराठी घरे पहिल्यापासून आहेत. नागपूर, अमरावती, भंडारा या बाजूंनी माणसे रेल्वेने येथे आली, नोकरीला लागली आणि सेक्टरांच्या आखीव रस्त्यांवर स्थिरावली. हा प्रदेश त्यांना परका नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. या घरांत सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. शेजारच्या छत्तीसगढी घरात त्याच सुमारास ‘सधौरी’ होते, गर्भवतीच्या माहेरहून तिच्यासाठी तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ येतात. दोन भाषा, दोन रीती, पण भाव एकच : आता हिला पोटभर आणि मनासारखे खाऊ घाला.

हाच सातवा महिना वैद्यकशास्त्रालाही महत्त्वाचा वाटतो, मात्र निराळ्या कारणाने. गर्भारपणाच्या २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान गर्भवतीची रक्तशर्करा तपासावी, असे आज जगभर मानले जाते. म्हणजे ज्या आठवड्यांत घरात गोडधोडाचे ताट सजते, त्याच आठवड्यांत दवाखान्यात तिच्या हाती ग्लुकोजच्या पाण्याचा पेला दिला जातो. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. या दोन प्रसंगांमध्ये दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासातला वादाचा मुद्दा शेवटी एकच ठरतो : तिने किती खायचे, आणि हे ठरवायचे कोणी व कोणत्या आकड्यावरून?

आधी शरीराची बाजू

गर्भाला वाढीसाठी ग्लुकोज लागते आणि ते त्याला आईच्या रक्तातून मिळते. ते सतत मिळत राहावे म्हणून वार, म्हणजे अपरा, काही हार्मोन तयार करते. या हार्मोनांमुळे आईच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून जेवणानंतरची साखर रक्तात थोडी अधिक काळ राहते आणि बाळापर्यंत पोहोचते. ही निसर्गाचीच व्यवस्था आहे. वार मोठी होत जाते तसा हा विरोध वाढतो आणि सहाव्या-सातव्या महिन्यानंतर तो ठळक होतो. निरोगी आईचे स्वादुपिंड त्यावर मात करण्यासाठी इन्सुलिनचे उत्पादन दुपटी-तिपटीने वाढवते. ज्या स्त्रीला हे जमत नाही तिची रक्तशर्करा चढते. तो गर्भारपणातील मधुमेह होय.

म्हणूनच हा आजार आईच्या चुकीमुळे होतो, ही समजूत अन्यायाची आहे. ‘गोड फार खाल्लेस म्हणून झाले’ हे वाक्य अनेक गर्भवतींना ऐकावे लागते. प्रत्यक्षात गर्भारपण हे स्वादुपिंडाच्या राखीव ताकदीची परीक्षा घेते. ती ताकद किती हे आनुवंशिकतेवर, वयावर, वजनावर आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्या स्त्रीच्या स्वतःच्या गर्भातल्या वाढीवरही अवलंबून असते.

उपासमारीचे औषध

या आजाराची पहिली सविस्तर नोंद १८२४ सालची मानली जाते. बर्लिनमध्ये हाइनरिश बेन्नेविट्झ या तरुण डॉक्टरने लॅटिन भाषेत लिहिलेल्या प्रबंधात एका २२ वर्षांच्या गर्भवतीचे वर्णन केले. तिला न शमणारी तहान लागे आणि तिच्या लघवीत साखर सापडली. प्रसूतीत बाळ दगावले. त्याचे वजन १२ पौंड भरले, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. प्रसूतीनंतर आईच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. मधुमेह हे गर्भारपणाचेच एक लक्षण असावे, असे बेन्नेविट्झला वाटले. एकाच रुग्णेवरून काढलेला हा निष्कर्ष पुढे बराच काळ दुर्लक्षित राहिला.

१८८२ मध्ये लंडनचे प्रसूतितज्ज्ञ मॅथ्यूज डंकन यांनी मधुमेह असलेल्या १६ स्त्रियांच्या २२ गर्भारपणांचा आढावा मांडला. त्यात मातांचे आणि बाळांचे मृत्यू इतके होते की मधुमेही स्त्रीने गर्भधारणा टाळावी, हाच सल्ला पुढची चाळीस वर्षे प्रचलित राहिला. औषध नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी मधुमेहावर जवळजवळ उपासमारीचा आहार रूढ केला. रुग्ण काही महिने किंवा वर्षे अधिक जगत, पण हाडांचा सापळा होऊन. गर्भवतीच्या बाबतीत या उपायाचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको. आई उपाशी राहिली की बाळही उपाशी राहते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचले गेले आणि हे चित्र पालटले. मधुमेही माता जगू लागल्या. बाळे मात्र त्यानंतरही बराच काळ दगावत राहिली. बॉस्टनमध्ये प्रिसिला व्हाइट यांनी अशा गर्भवतींची काटेकोर देखरेख सुरू केली आणि बाळे वाचवण्याचे प्रमाण वाढवत नेले. कोपनहेगनचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात त्यामागचे कारण मांडले. आईचे ग्लुकोज वारेतून पलीकडे जाते, इन्सुलिन जात नाही. जादा ग्लुकोज मिळाले की बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवते, आणि त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते. जन्मानंतर नाळ तुटताच साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचे इन्सुलिन चढेच असते, म्हणून नवजात बाळाची साखर धोकादायक रीतीने घसरते. बर्लिनच्या त्या १२ पौंडांच्या बाळाचे कोडे सव्वाशे वर्षांनी उलगडले.

बॉस्टनची रेषा

याच सुमारास इकडे भिलाई आकार घेत होती. १९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या मुलखात वसाहत उभी राहिली, आणि शेतात दिवसभर राबणाऱ्या कुटुंबांची पुढची पिढी महिन्याच्या पगारावर, क्वार्टरमध्ये आणि पाळ्यांच्या भोंग्यावर जगू लागली.

त्याच वर्षांत बॉस्टनच्या शहर रुग्णालयात जॉन ओसुलिव्हन एक साधा दिसणारा प्रश्न सोडवत होते. गर्भवतीची साखर किती असली म्हणजे तिला ‘जास्त’ म्हणायचे? त्यांनी ७५२ गर्भवतींना १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तासांपर्यंत रक्त तपासले. संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये निकष प्रसिद्ध केले. सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलने, अशी ती रेषा होती. चारपैकी दोन वाचने रेषेच्या वर असतील तर निदान पक्के.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. ही रेषा बरोबर आहे हे ओसुलिव्हन यांनी कशावरून ठरवले? रेषेच्या वर असलेल्या स्त्रियांना पुढील वर्षांत कायमचा मधुमेह अधिक प्रमाणात झाला, यावरून. म्हणजे त्यांचा प्रश्न आईच्या भविष्याबद्दलचा होता. बाळाला कोणत्या आकड्यापासून अपाय होतो, हा प्रश्न त्या रेषेत नव्हताच. तरीही पुढची चार दशके तीच रेषा, थोड्याफार फरकाने, बाळाच्या रक्षणासाठी वापरली गेली. एका प्रश्नासाठी घेतलेले माप दुसऱ्या प्रश्नाला लावण्याचे असे प्रकार विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसतात.

बाळाच्या बाजूने मोजमाप

बाळाचा प्रश्न थेट विचारला गेला तो एकविसाव्या शतकात. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅरोलाइन क्राउथर आणि सहकाऱ्यांनी सौम्य स्वरूपाचा गर्भारपणातील मधुमेह असलेल्या १००० स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्या स्त्रियांना आहाराचे मार्गदर्शन, घरी साखर मोजण्याची सोय आणि गरज पडल्यास इन्सुलिन मिळाले, उरलेल्यांना नेहमीची देखभाल. मृत्यू, खांदा अडकणे, हाड मोडणे, मज्जातंतूला इजा अशा गंभीर गोष्टींचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकीलाच इन्सुलिन लागले, बाकींचे आहार आणि देखरेखीवर भागले. ताटातला बदल हा खराखुरा उपचार आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतर २००८ मध्ये ‘हॅपो’ हा प्रचंड अभ्यास आला. नऊ देशांतल्या १५ केंद्रांत २५,००० हून अधिक गर्भवती त्यात होत्या. त्याचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. साखर वाढते तसा बाळाला असलेला धोका हळूहळू, अखंड वाढत जातो. मध्ये कोठेही अशी पायरी नाही, जिच्या खाली सुरक्षितता आणि वर संकट. रेषा निसर्गात नसते, ती माणसाने आखायची असते. मग तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१० मध्ये ठरवले की सरासरी पातळीच्या तुलनेत धोका पावणेदोनपट होतो तेथे रेषा मानावी. उपाशीपोटी ९२, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हेच आकडे स्वीकारले.

‘हॅपो’च्या त्या १५ केंद्रांत भारतातले एकही नव्हते.

चेन्नईची सोय

भारतापुढचा प्रश्न वेगळा होता. मद्रास मेडिकल कॉलेजचे डॉ. वीरास्वामी शेषय्या यांनी तो व्यवहाराच्या बाजूने मांडला. ग्रामीण गर्भवतीला उपाशीपोटी बोलवायचे, तीन वेळा रक्त काढायचे, दोन तास बसवायचे, हे होत नाही. ती पहाटे घरचे आवरून, बस पकडून दवाखान्यात येते. उपाशी नसेल तर तिला परत पाठवले जाते, आणि परत पाठवलेली स्त्री बहुधा पुन्हा येत नाही. म्हणून शेषय्यांनी सुटसुटीत चाचणी पुढे आणली. पोटात अन्न असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासावे. १४० किंवा त्याहून अधिक आले तर निदान झाले. दोन तासांना १४० हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषांत होताच, ‘उपाशी नसले तरी चालेल’ ही सवलत नवी होती.

या चाचणीवर टीका झाली आणि ती रास्त आहे. उपाशीपोटीच्या पूर्ण चाचणीशी तुलना केली असता ही चाचणी अनेक रुग्णांना निसटू देते, असे भारतातल्याच संशोधकांनी दाखवले. शेषय्यांच्या पक्षाचा युक्तिवाद असा की, कागदावर अचूक पण कोणाचीच न होणारी चाचणी आणि थोडी कमी अचूक पण सर्वांची होणारी चाचणी यांत दुसरी अधिक बाळे वाचवते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत स्वीकारली आणि २०१८ च्या सुधारित सूचनांत ती कायम ठेवली. प्रत्येक गर्भवतीची चाचणी दोनदा व्हावी : पहिल्या भेटीत एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. शेषय्यांचा जन्मदिवस, १० मार्च, देशात गर्भारपणातील मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

छत्तीसगढच्या दृष्टीने या सुटसुटीतपणाला विशेष अर्थ आहे. राज्य स्थापन झाल्यावर थोड्याच काळात, २००२ मध्ये, येथे ‘मितानिन’ योजना सुरू झाली. मितानिन म्हणजे मैत्रीण, गावाने निवडलेली आरोग्यसखी. देशभरातली ‘आशा’ योजना २००५ ची, म्हणजे तिच्यानंतरची. भिलाई-दुर्गच्या वस्त्यांतही मितानिन काम करते. गर्भवतीला दवाखान्यापर्यंत आणणे तिच्या हाती असते, आणि तिने आणलेली स्त्री ‘उद्या उपाशी ये’ म्हणून परत गेली तर तो सारा प्रयत्न वाया जातो.

आणखी एक स्थानिक बाब आहे. मधुमेहाच्या रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी सर्वत्र होते. पण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. गर्भारपणात या पेशी लवकर बदलतात, म्हणून आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढूही शकतो. छत्तीसगढ आणि विदर्भात सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणात आढळतो, त्यात तर हा आकडा फारच फसवा ठरतो. अशा प्रदेशात प्रत्यक्ष रक्तातले ग्लुकोज मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

पुण्याजवळची सहा गावे

आतापर्यंतच्या इतिहासात गर्भवतीचे एक चित्र गृहीत धरलेले होते : तिचे वजन जास्त, बाळ मोठे, आणि उपाय म्हणजे खाणे आवरणे. हे चित्र आपल्याकडे लागू पडते का, हा प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी विचारला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली.

या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि उंची पाच फुटांच्या आसपास. दिवसभर शेतीचे काम, पाणी भरणे, घरकाम, आणि आहार साधारण १८०० किलोकॅलरींचा. गर्भारपणातील मधुमेह त्यांच्यात तेव्हा फारच थोड्या जणींना आढळला. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली, तर साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. एवढ्यावरून ती नुसती ‘अशक्त’ म्हणून मोकळे होता आले असते. पण या संशोधकांनी बाळांचे स्नायू, पोट आणि कातडीखालची चरबी वेगवेगळी मोजली. स्नायू आणि पोटातले अवयव इंग्रज बाळांहून खूपच लहान होते, चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ‘बारीक पण मेदयुक्त’ भारतीय बाळाची ओळख जगाला करून दिली.

याच गावांतला दुसरा निष्कर्ष आहारासंबंधी आहे. बाळाच्या वाढीचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक ठळक दिसला. किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याचे वजन जास्त भरले.

तिसरा निष्कर्ष यायला १८ वर्षे लागली. त्या बाळांची तरुण माणसे झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तशर्करा वाढलेली निघाली. त्यांतले निम्मे तर कमी वजनाचे होते. मागच्या नोंदी काढल्यावर दिसले की यांची वाढ गर्भातच मंदावली होती, आणि त्यांच्या मातांमध्ये गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही इतरांपेक्षा जास्त होते. म्हणजे गर्भातली उपासमार आणि गर्भातली जादा साखर, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. अशी मुलगी उद्या आई होते, तेव्हा तिचे स्वादुपिंड आधीच तोकडे असते.

पुण्याच्या या कामाने आहाराच्या सल्ल्याचा अर्थच बदलतो. कुपोषण आणि साखर या दोन आपत्ती आपल्याकडे एकाच देहात राहतात. अशा स्त्रीला ‘कमी खा’ सांगणे म्हणजे ॲलनच्या उपासमारीकडे परत जाणे. तिला ‘दोघांसाठी खा’ सांगणे म्हणजे पेडरसनने उलगडलेल्या संकटाकडे जाणे. ताट रिकामे न करता त्याची मांडणी बदलणे, हा एकच मार्ग उरतो.

भिलाईचे ताट

मांडणी बदलणे म्हणजे नेमके काय? राष्ट्रीय सूचनांतले हिशेब स्वयंपाकघरात आणून पाहू.

‘दोघांसाठी’ या शब्दाला माप आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी जादा लागतात. एक मध्यम भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध, एवढ्यात ते साधारणपणे भागते. दुप्पट जेवणाची गरज कधीच नसते.

दुसरी गोष्ट वाटणीची. पिष्टमय पदार्थ दिवसभरात तीन मुख्य जेवणे आणि दोन-तीन हलकी खाणी यांत वाटून घ्यावेत. एक फुलका किंवा अर्धी वाटी भात यांत साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात. तीन वाट्या भात एका बैठकीत खाल्ला तर साखर उसळते, तोच दिवसभरात वरण, उसळ, दही, भाजी यांच्यासह थोडाथोडा खाल्ला तर उसळी सौम्य राहते. सकाळी इन्सुलिनला विरोध सर्वांत जास्त असतो, म्हणून न्याहारीत पोह्यांची मोठी बशी किंवा गोड चहा-बिस्किटे यांचा परिणाम दुपारच्या जेवणापेक्षा वाईट होतो. डाळीचे धिरडे, मोड आलेले मूग, अंडे असे काही सकाळी असणे हिताचे.

भिलाईत ताटाचा मध्य भातच असतो, कारण हा धानाचा मुलूख आहे. येथे मराठी घरांतही ज्वारीची भाकरी मागे पडून भात पुढे आला. भाताला शत्रू मानण्याचे कारण नाही. उसन्या तांदळाचा परिणाम पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा सौम्य असतो. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताची, म्हणजे ‘बोरे-बासी’ची, येथे मोठी परंपरा आहे. शिजून थंड झालेल्या भातातला काही पिष्टांश पचायला कठीण होतो, हे खरे आहे. पण त्यामुळे वाटीचे माप सुटत नाही, आणि गर्भारपणात तो भात स्वच्छ पाण्यात व नीट झाकून ठेवलेला असणे आवश्यक ठरते. छत्तीसगढची खरी श्रीमंती भाज्यांत आहे. लाल भाजी, चेंच, चरोटा, मुनग्याचा पाला येथे रोजच्या बाजारात मिळतात. पुण्याच्या गावांनी ज्या पालेभाज्यांकडे बोट दाखवले, त्या भिलाईच्या गर्भवतीला हाकेच्या अंतरावर आहेत.

खरी अडचण बहुधा वेळेची असते. झोतभट्टी एकदा पेटली की ती विझू देता येत नाही, म्हणून कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो आणि घरचे जेवण पाळ्यांबरोबर सरकते. नवरा दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा आला की मग एकत्र जेवायचे, ही मायेची रीत गर्भवतीला मात्र सहा-सात तास उपाशी ठेवते आणि नंतर एकदम जड जेवण देते. भट्टीत काम करणाऱ्याला हे समजावणे अवघड नाही. भट्टीला धातुक आणि कोक मोजून, ठरल्या अंतराने देतात. चार पाळ्यांचा माल कोणी एकदम ओतत नाही, आणि पुरवठा बंदही ठेवत नाही. वारेचेही तसेच आहे.

उपवासांचाही विचार येथेच करावा लागतो. मराठी घरात हरितालिका, छत्तीसगढी घरात तीजा, दोन्ही कडक उपास. निर्जळ उपासात गर्भवतीच्या रक्तात कीटोन वाढतात. आणि ‘उपासाचे हलके’ म्हणून खाल्ली जाणारी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. गर्भवतीला उपासातून मोकळीक देण्याची सोय आपल्या परंपरेत पूर्वापार आहे. ती वापरण्यात संकोच नसावा.

एवढे करून दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावे, असे सूचना सांगतात. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली राहिली तर आहार आणि रोजचे चालणे पुरेसे आहे. राहिली नाही तर औषध सुरू होते, मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. अशा वेळी अनेक स्त्रियांना आपण पथ्यात नापास झालो असे वाटते. तसे मुळीच नाही. वार जितके इन्सुलिन मागते तितके स्वादुपिंड देऊ शकले नाही, एवढाच त्याचा अर्थ. साखर कमी यावी म्हणून कोणाला न सांगता जेवण टाळणे हीच या आजारातली सर्वांत धोक्याची गोष्ट होय. वहीत आकडा सुंदर दिसतो आणि बाळ भुकेले राहते.

प्रसूतीनंतरचा विसर

बर्लिनच्या त्या तरुणीची साखर प्रसूतीनंतर नाहीशी झाली, आणि बेन्नेविट्झची नोंद तेथेच संपते. तिचे पुढे काय झाले, कोणी विचारले नाही. आजही बहुतेक घरांत गोष्ट तेथेच संपते. वार बाहेर पडते, साखर उतरते, बारसे ठरते, डिंकाचे लाडू वळले जातात, आणि ‘ते तेवढ्यापुरते होते’ असे म्हणून फाइल कपाटात जाते.

ओसुलिव्हन यांनी साठ वर्षांपूर्वी शोधले ते नेमके याच्या उलट होते. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सातपट असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते, आणि नंतरही ठराविक काळाने साखर पाहायची असते. बाळाला पहिला डोस द्यायला आई दवाखान्यात येते, तो दिवसही नेमका सहाव्या आठवड्याचाच असतो. एकाच खेपेत दोन्ही कामे होऊ शकतात.

सातव्या महिन्यातले ताट जपायलाच हवे. डोहाळजेवण आणि सधौरी ही स्त्रीच्या भुकेची दखल घेणारी, तिला आधी वाढणारी मोजकी निमित्ते आहेत. ज्या समाजात ती एरवी शेवटी आणि उरलेले जेवते, तेथे त्यांचे मोल मोठे आहे. दोन गोष्टी मात्र वाढवता येतील. ओटी भरण्याचा मुहूर्त काढताना त्याच आठवड्यात साखरेच्या चाचणीचा दिवसही ठरवावा. आणि तिला आधी वाढण्याची रीत त्या एका दिवसापुरती न ठेवता, प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावी.